काचबाई

मला ती बाई कदी आवडली न्हाई. आधीच सांगून टाकते, म्हंजी पुढं कुनी म्हनायला नको की म्हातारीनं गोड लावून सांगितलं. गोड लावायला तिच्यात काय नव्हतंच. कारलं बी गूळ घालून शिजवलं तर जरा गोडावतं. हिला गुळात बुडवून ठेवली असती तर गूळ कडू झाला असता.

तिचं खरं नाव दारावरच्या पाटीवर व्हतं. मला वाचता येत न्हाई, आन विचारायची गरज बी कदी पडली न्हाई. आमी झाडूवाल्या समद्या तिला काचबाई म्हनायचो. हायवेच्या कडंला दातांचा मोठा दवाखाना हाय, पोरंपोरी डाक्टरकी शिकतात तसला. आमची वाडी कान्ह्याच्या वरल्या अंगाला, डोंगरात. मालक गेल्यावर भाताच्या दोन खाचरावर पोट भरंना, म्हनून मी तितं फरशी पुसायला लागले.

दवाखान्यात खाली दात काढायचे, कवळ्या बसवायचे. वर, गल्लीच्या पार टोकाला, काचबाईची खोली. खाली कुनाच्या तोंडात गाठ निगाली की तिचा बारका तुकडा कापून वर यायचा. बाळूभाऊ म्हनून एक गडी व्हता, त्यो त्या तुकड्याच्या कांद्याच्या पापुद्र्यावानी चकत्या कापायचा, काचंवर चिकटवायचा, रंगवायचा. मंग बाई दुर्बिनीत डोळा घालून बसायची आन सांगायची, ही गाठ कसली हाय, मारनारी का नुसती बसून खानारी. हिची सही झाल्याबिगर खाली कुनी मोठी सुरी लावायची न्हाई, असा नेम व्हता.

बाई काटकुळी. केस पोरासारखं कापल्यालं, पायात गड्यामानसाच्या चपला. झग्याच्या खिशात कायम फुटानं. दिवसभर कुडुमकुडुम. दुसऱ्या कुनी त्या खोलीत पानी पिलं तरी अंगावर यायची, आपन मात्र दुर्बिनीपाशी बसून फुटानं खायाची. बाळूभाऊचं चकत्या कापायचं यंत्र चालू झालं की डोळं मिटायची आन कान त्याच्याकडं लावायची. पातं तुकड्यातनं जाताना जो आवाज यायचा तो ऐकत बसायची, आमी भजन ऐकावं तसं. आवाज खटकला की वरडायची, "थांब!"

पोरास्नी तर लय छळायची. एखादं पोरगं दुर्बिनीत बघून उगं मान हलवायला लागलं की विचारायची, "दिसलं का?" त्यो हो म्हनला की, "मग बोल." न्हाई म्हनला की, "मग मान कशाला हलवतोस? बैल आहेस?" पोरी तर रडत बाहीर यायच्या. माझ्या बादलीपाशी उभ्या राहून नाक शिंकरायच्या. मी म्हनायचे, "जाऊ दे गं, तिला घरचं कोन न्हाई." मला काय ठावं, व्हतं का न्हाई. तसं म्हनलं की पोरींना बरं वाटायचं.

दसऱ्याचं सांगते. आमच्याकडं दसऱ्याला इळा, कोयता, नांगर, समद्यांची पूजा. दवाखान्यात बी तसंच. दात काढायच्या खुर्च्यांना सुदिक झेंडूच्या माळा. एका वर्षी बाळूभाऊनं बाईच्या दुर्बिनीला बी हळद-कुंकू लावलं, वर फूल ठेवलं. दुसऱ्या दिवशी बाई आली, डोळा घातला आन बोंबलली, "आज काय सगळ्या पेशंटना कुंकू झालंय?" फूल गेलं खिडकीतनं खाली.

बाळूभाऊ म्हनला, "बाई, देवाचं हाय ते."

"देवाला दिसायला दुर्बीण लागत नाही. मला लागते. पुस!"

त्यो बिचारा दिसभर कापसानं कुंकू काढत बसला. म्होरल्या वर्षी दसरा आला तवा आमी कुनी तिच्या खोलीकडं फिरकलोच न्हाई. तर हीच बया कपाटातनं एक फुटक्या भिंगाची जुनी दुर्बीन घेऊन आली, गल्लीतल्या मेजावर दानकन ठेवली आन म्हनली, "ही घ्या. हिची पूजा करा, नैवेद्य दाखवा, लग्न लावा. माझीला हात लावाल तर हात तोडीन." तवापासनं आमी त्या आंधळ्या दुर्बिनीलाच हळद-कुंकू लावायचो.

तिनं शिकवल्यालं एक मात्र माझ्या डोक्यात बसलं. मी खोली पुसत व्हते. आमी पुसत असलो की तिला आमी दिसायचोच न्हाई, भित्ताडावानी. पोरास्नी विचारलं, दात कसा तयार हुतो? एक पोरगी पाठ केल्यालं घडघडा बोलाय लागली.

"पोपट बाहेर झाडावर असतात," बाई म्हनली. मंग सोताच सांगाय लागली. "जबड्यात पेशींचे दोन थर शेजारीशेजारी असतात. वरचा थर खालच्याला निरोप देतो, ऊठ, कामाला लाग. खालचा दाताचा गाभा करायला घेतो. आणि मग तो वरच्याला उलटा निरोप देतो, की मी कामाला लागलो, आता तू वरचं पांढरं कवच कर. कवच झालं की वरचा थांबतो. शहाणा होतो. आता सांगा, उलटा निरोप आलाच नाही तर वरचा काय करेल?"

एक पोरगं म्हनलं, "वाट बघेल, मॅडम."

"तो तुझ्यासारखा सभ्य नाही. तो वाढतो. काम नाही, शहाणपण नाही, नुसता वाढतो. हाड खातो आणि वाढतो. त्याला आपण गाठ म्हणतो. काही गाठींत निरोप अर्धामुर्धा येतो, त्या वेड्यावाकड्या का होईना, दात करायला बघतात. त्या निराळ्या. सूज बघून नाव ठेवू नका. सूज म्हणजे नाव नव्हे."

मी फडकं पिळत उभी. मला भात दिसाय लागलं. एखाद्या वर्साला खाचरात भात माजतं. नुसतं फुटव्याव फुटवं, हिरवंगार, कमरंइतकं. बघनारा म्हनतो, काय पीक आलंय! पर पोटरी न्हाई, लोंबी न्हाई. दाना धरायचा सांगावा त्याला पोचलाच न्हाई. आन आमच्या वाडीत सांगावा घेऊन मानूस आला, मयताचा का आसंना, तर त्याला गूळपानी दिल्याबिगर आन उलटा सांगावा दिल्याबिगर धाडत न्हाईत. "निगालोच म्हनून सांग," एवढं तरी सांगायचं. बाई बोलली ते मला पटलं. आवडली मात्र न्हाई. जिनं आमच्या रामरामाला कदी उलटा रामराम घातला न्हाई, तिनं निरोपाचं शिकवावं!

मंग काजलचं झालं.

काजल माझी नात, संतूची पोर. नववीत व्हती. डाव्या अंगाला खालच्या जबड्यात सुपारीएवढी गाठ आली. दुखायचं न्हाई. तितली दाढ बी उगावली नव्हती. मी म्हनलं, माझ्या दवाखान्यात दाखवू. पर मी कामावर गेले त्या दिवशी सुमननं, माझ्या सुनंनं, तिच्या माहेरच्या म्हाताऱ्याचं ऐकून पोरीच्या गालावर बिब्ब्याचं चटकं दिलं. आमच्याकडं सूज आली की बिब्बा, ही रीतच हाय. बिब्बा उतला. मी सांजंला येऊन बघते तर गाल काळाठिक्कर, फोड आल्यालं, कातडी चामड्यावानी ताठ. सुमन चुलीपाशी बसून नुसती थरथरत व्हती. संतू कंपनीत कामाला, सुदुंबऱ्याला. त्याचा हात लगीच उठायचा. मी त्याला म्हनलं, गाठच चिघळली असंल. आन पोरीला घेऊन दवाखाना गाठला. संतू बी संगं व्हता, म्हनून तितं बी बिब्ब्याचं नाव काढलं न्हाई.

खालचा मोठा डाक्टर लय गोड. मावशी म्हनून खांद्यावर हात ठेवायचा. त्यानं जबड्याचा फोटो काढला, गाल दाबून बघितला आन तोंड पाडलं.

"मावशी, गाठ कातडीपर्यंत आलीय. वाईट जातीची दिसतेय. अर्धा जबडा काढावा लागेल. आत लोखंडाची पट्टी बसवू. पोरगी वाचेल."

"आन खाईल कशी?"

"मऊ खाईल."

पोर तितंच बसली व्हती. तिनं काय विचारलं न्हाई. वढनीनं निम्मं तोंड झाकून बघितलं, आन खिडकीच्या काचंत आपलं आपन न्याहाळाय लागली. माझं काय काय जळून गेलं असंल आजवर, पर तसलं कदी जळलं न्हाई.

तुकडा काढून वर गेला. मी मुद्दाम त्याच येळेला गल्ली पुसायला घेतली. बाळूभाऊचं यंत्र चालू झालं. आन भाकरीत खडा यावा तसा आवाज आला. कुर्रर्र.

"थांब!" बाई वरडली. "परत."

परत कुर्रर्र. बाईनं यंत्र बंद केलं. तोंडातलं फुटानं गिळलं आन चपला वाजवत जिना उतरली. ती वार्डात कदी यायची न्हाई. समदे उठून उभे राह्यले. ही सरळ काजलच्या खाटंपाशी. पोरीच्या गालाला नाक लावून हुंगलं. नखानं काळं खरवडलं. पोर कळवळली तरी थांबली न्हाई.

"बिब्बा," ती म्हनली. "कातडीला गाठ नाही. कातडी भाजलेली आहे. कोणी लावला?"

सुमननं मान खाली घातली. तिचा पदर हलाय लागला. संतू माझ्या बाजूला उभा, त्याच्या मुठी मला दिसत व्हत्या.

बाईनं माझ्याकडं बघितलं. "मावशी, तुम्ही?"

मी संतूच्या आन सुमनच्या मधी सरकले.

"इथं पगार घेता, आणि घरी जाऊन पोरीचं तोंड भाजता? तुम्ही जी फरशी पुसता ना, तिला तुमच्यापेक्षा जास्त अक्कल असेल. तुमच्या या बिब्ब्यापायी पोरीचा अर्धा जबडा जात होता!"

भरला वार्ड. पोरंपोरी, नर्सा, माझ्या संगतीच्या झाडूवाल्या. माझ्या बादलीपाशी रडल्याल्या पोरी बी तितंच. मी खाली बघितलं. फरशी माझीच पुसल्याली व्हती. चांगली पुसल्याली व्हती. मी म्हनलं, "चुकलं, बाई." संतू माझ्यावर दात खात बाहीर निगून गेला. मला काय मारनार व्हता? मी आई त्याची.

बाईनं दुसरा तुकडा मागितला, खोलातला. म्हंजी पोरीला परत सुई, परत सुरी. काजलनं माझा पदर मुठीत धरला तो सोडंना. मी बाईला मनातल्या मनात आसल्या शिव्या घातल्या की देवानं कानात बोटं घातली असतील.

त्या तुकड्यात कसलं तरी टनक कन व्हतं. टनक आसलं की चकती निघत न्हाई, आधी आसिडात ठेवून मऊ करावं लागतं. त्याला दिवसाव दिवस जातात. फळीवर बरन्या मांडल्याल्या असायच्या, त्यातली एक माझ्या नातीची. तितनं जाताना मी तिकडं बघायचे न्हाई. खाली मोठ्या डाक्टरानं जबडा काढायचा दिवस ठरवून टाकला व्हता. बाई सही करंना. त्यो वर आला. मी दारात बादली घेऊन.

"मॅडम, रोज हाड खाल्लं जातंय. पहिल्या तुकड्यात वाढणाऱ्या पेशी दिसल्या ना? मग?"

"दिसल्या. पुढं काय करतायत ते दिसलं नाही."

"तुम्ही काचा बघा. पेशंट मी बघतो."

"बघितलात ना. बिब्बा दिसला नाही तुम्हाला. घाई असेल तर कुडमुड्या जोशाकडं जा, तो लगेच भविष्य सांगतो."

डाक्टर लाल झाला. जिना उतरताना माझ्या बादलीला पाय लागला त्याचा, पानी सांडलं. मी पुसलं.

संतू मला रोज म्हनायचा, "आये, तुजी ती बाई पोरीला मारनार. जा, पाय धर तिचं." शेवटी गेले. पाय धराय वाकले तर ती खुर्ची मागं सरकून उभीच राह्यली.

"हे काय? उठा. फरशी ओली आहे."

"बाई, सही द्या. डाक्टर म्हनत्यात, उशीर झाला तर पोर हाती लागायची न्हाई."

"सही हवी की जबडा?"

"आं?"

"सही आत्ता देते. जबडा जाईल. थांबलात तर राहील कदाचित. कदाचित म्हणाले मी, लक्षात ठेवा. उद्या माझ्या नावानं रडू नका. काय हवं?"

मानसाला आसं विचारतात का? मायेचं एक आक्षर न्हाई, बस म्हनली न्हाई. मी उभ्या उभ्या पायाच्या अंगठ्यानं फरशी टोकरत राह्यले. मंग म्हनलं, "जबडा."

"मग जा. बाळू, खिडकी लाव."

घरी सांगितलं तर संतू जेवला न्हाई. सुमननं मला ताट वाढलं. वाढता वाढता तिच्या डोळ्यातलं पानी भातात पडलं. मी जेवले. ती रात गेली, तशा पुढच्या बी गेल्या. पोर गालाला हात लावून निजायची, कुनी झोपेत काढून नेईल म्हनून.

एक दिवस बाईनं डाक्टराला वर बोलावलं. पोरंपोरी बी समदी जमा. मी दारात. डाक्टरानं दुर्बिनीत डोळा घातला. लय येळ घातला. बाई फुटानं खात उभी.

"दिसलं का?"

त्यो कायतरी पुटपुटला.

"मोठ्यानं. मावशींना ऐकू येत नाही."

"गाठ दात करतेय," डाक्टर म्हनला. "गाभा आहे, कवच आहे. त्या टणक कणांच्या कडेलाच."

"म्हणजे?"

"म्हणजे... उलटा निरोप पोचलाय. मोकाट जातीची नाही. आतल्या आत खरवडून काढली तर पुरे. जबडा ठेवता येईल."

"हं. आता देते सही."

मला ऐकू येत न्हाई! माझं कान आजबी चांगलं हायेत. वाडीत कुनाच्या घरात काय चाललंय ते मला वट्यावर बसून ऐकू येतं. आन ही बाई समद्यांच्या म्होरं मला बहिरी करून मोकळी झाली. तवा मात्र मी बादली तितंच सोडली आन पोरीला सांगाय घर गाठलं.

काजलच्या तोंडातनं, आतल्या आतनं, गाठ काढली. तिच्यात तांदळाच्या कन्यांवानी पांढरं पांढरं बारकं दात निगालं, वेडंवाकडं, मूठभर. मोठ्या डाक्टरानं मला दाखवलं. खांद्यावर हात ठेवून म्हनला, "मावशी, नशीब चांगलं." त्यो मानूस वाईट नव्हता. मला त्योच आवडायचा. आजबी त्योच आवडतो. आता काय करता.

त्या साली खाचरातलं इंद्रायनी चांगलं झालं. नवा तांदूळ सडून फडक्यात बांधून मी वर नेला. बाईनं बघितलं, हुंगलं. "वास चांगला आहे. पण मी भात खात नाही. बाळूला द्या. आणि मावशी, त्या कोपऱ्यात कोळिष्टकं आहेत." मी तांदूळ बाळूभाऊला दिला आन कोळिष्टकं काढली. बिब्ब्याचं ती इसरली न्हाई. नवीन पोरं शिकायला आली की माझ्याकडं बोट दाखवून सांगायची, "या मावशींनी बिब्बा लावून मोठ्या सर्जनला फसवलं होतं." पोरं माझ्याकडं बघून हसायची. वर्साव वर्स. सुमन एकदा म्हनली, "आत्याबाई, मी जाऊन सांगते त्यास्नी." मी म्हनलं, "संतूच्या कानाव गेलं तर? बस चुलीपाशी."

पुढं ती बाई निवृत्त झाली. कुनी हार आनला व्हता, तो तिनं त्या आंधळ्या दुर्बिनीच्या गळ्यात घातला म्हनं. मला भेटली न्हाई. माझं बी गुडघं गेलं, काम सुटलं.

काजलचं लगीन होऊन ती लोनावळ्यात दिली. जावई एका बंगल्यावर माळी हाय, पोर हाटेलात कामाला जाते. मागच्या उन्हाळ्यात मी आन सुमन तिच्याकडं गेलतो. तिघी मंडईत भाजी घ्यायला गेलो, जावई बी पिशवी धरून संगं. तर एक भाजीवाली बोंबलत व्हती, "ओ आजी, समदी भेंडी मोडून ठिवाल का? घ्यायची तर घ्या, न्हाईतर चालू लागा!"

म्हातारी वाकल्याली, केस पांढरं, पायात गड्यामानसाच्या चपला. एक एक भेंडी कानापाशी धरून शेंडा मोडत व्हती आन आवाज ऐकत व्हती.

"जून आहे," ती म्हनली. "टक्कन मोडत नाही, कुरकुरतेय. फसवतेस का मला?"

आवाजावरनं वळखली. मी पदर तोंडावर घेऊन निगायला बघितलं, पर तिनं मान वळवली. आधी माझ्याकडं बघितलं, मंग काजलकडं. भेंडी टाकली, सरळ पोरीपाशी आली आन हनुवटी धरली.

"तोंड उघड."

"अवो, कोन तुमी?" जावई मधी पडला.

"गप्प. तुला दिसतंय का काही? उघड गं, मोठं."

भर मंडईत काजलनं आ केला. बाईनं तिचं तोंड उजेडाकडं फिरवलं, भेंडीच्या हातानंच अंगठा घालून जबडा आतनं चाचपला, पार मागपत्तूर. डोळं मिटून. मंग अंगठा काढून पदराला पुसला. कुनाच्या? माझ्या.

"ठीक," ती म्हनली.

बस. कशी हायेस न्हाई, लगीन कवा झालं न्हाई. जायला निगाली, आन परत वळली. माझ्याकडं बोट रोखलं.

"आणि तुम्ही, मावशी. हिला पोरं होतील. त्यांना सूज आली तर परत बिब्बा लावू नका."

सुमन म्होरं झाली. "बाई, ते आत्याबाईंनी न्हाई—"

मी तिच्या पायावर पाय दिला. जावई संगं व्हता. उद्या त्यानं घरी जाऊन सांगितलं असतं, की माझ्या सासूनं बायकूचं तोंड भाजलं.

"न्हाई लावत, बाई," मी म्हनलं.

"लक्षात ठेवा," ती म्हनली, आन भेंडीच्या ढिगापाशी जाऊन परत एकेक मोडाय लागली.